एकाच बोचक्यातल्या दोन गोधड्या

बचत गटाची बैठक संपली, तरी एक जण मागेच रेंगाळली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "ताई, माझ्या जुळ्या मुलींपैकी थोरलीला टीबी निघालाय. सासूबाई म्हणतात, तुझ्याच रक्तातून आलं. धाकटीलाही होणार, मग तिचं लग्न कसं जमायचं?"

टीबी जंतूमुळे होतो, आईच्या रक्तातून येत नाही, हे मी लगेच सांगितलं. पण तिचा पुढचा प्रश्न ऐकून मी गप्पच झाले. "दोघी हुबेहूब सारख्या, एकाच घरात वाढलेल्या. मग एकीलाच का?"

मी पडले कला शाखेची. घरी येऊन वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. समजलं ते असं.

आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशी असतात. जंतू ओळखायला त्यांच्या अंगावर 'रिसेप्टर' असतो. तो घडवणाऱ्या जनुकांचे तुकडे आईवडिलांकडून येतात. ते सातव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांवर असतात. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. तिथे प्रत्येक टी पेशी यातले मोजके तुकडे उचलून जोडते. शिवणीपाशी थोडं कापते, थोडं नवं घालते. त्यामुळे एकाच माणसात लाखो तऱ्हेचे रिसेप्टर तयार होतात.

गंमत अशी, की कोणता तुकडा जास्त वेळा उचलला जाणार, हे बरंचसं आनुवंशिक असतं. हुबेहूब जुळ्यांमध्ये ते खूप मिळतंजुळतं आढळतं. तरी तयार झालेले बहुतेक रिसेप्टर मात्र दोघींचे वेगळेच! आईच्या जुन्या लुगड्यांचं बोचकं एकच, पण त्यातून शिवलेल्या गोधड्या दोन.

शिवाय किती जंतू श्वासातून आत गेले, अंगात ताकद किती, मधुमेहासारखा दुसरा आजार आहे का, यावरही बरंच ठरतं. मग एकट्या आईला दोष कसा द्यायचा?

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनाही सोबत घेऊन आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. टीबीची तपासणी आणि औषधं तिथे मोफत मिळतात. साध्या टीबीचा कोर्स साधारण 6 महिन्यांचा असतो, पण मधेच सोडायचा नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. धाकटीला आजार नव्हता. डॉक्टरांनी तिला प्रतिबंधक गोळ्या दिल्या.

परवा सहज त्यांच्या घरी डोकावले. थोरलीच्या हातावर गोळी ठेवत सासूबाई म्हणत होत्या, "घे गं बाई, माझ्यासमोर गिळ."