कंटाळा नेमका कशाचा?

मार्च-एप्रिलमध्ये अप्रेझलची पत्रे हातात पडली की हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत जेवणाच्या सुट्टीतला एक विषय ठरलेला असतो: पेपर टाकायचे की नाही. पगारवाढ मनासारखी झाली नाही, हे कारण आधी सांगितले जाते. थोडे खोलात गेले की वेगळेच ऐकू येते. सकाळी उठून जायची इच्छा होत नाही, दिवसभर केले काय ते संध्याकाळी सांगता येत नाही, यापेक्षा दुसरे काहीतरी करायला हवे होते. अशा माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, कुठेही जा, पळसाला पाने तीनच. लागलेली नोकरी सोडू नकोस. प्रेरणादायी व्याख्याने देणारे म्हणतात, तुझी खरी आवड शोध, मग काम हे काम वाटणारच नाही. सल्ले एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोघांनीही समाधान व्यवसायाच्या नावाला बांधून टाकले आहे. एकाच्या मते सगळी नावे सारखीच, दुसऱ्याच्या मते त्यातले एक आपल्यासाठी राखून ठेवलेले. गेल्या पन्नास वर्षांतला अभ्यास पाहता मला हा पायाच कच्चा वाटतो. समाधान बरेचसे अवलंबून असते ते रोजच्या कामाच्या घडणीवर. म्हणून नोकरी बदलू पाहणाऱ्याने ‘मला काय आवडते’ याच्या आधी ‘माझ्या कामात काय नाही’ हे विचारावे.

१९७०च्या दशकात रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम या अमेरिकी अभ्यासकांनी काम माणसाला आतून केव्हा धरून ठेवते याचा माग घेतला. त्यांना पाच गोष्टी महत्त्वाच्या दिसल्या: कामात वेगवेगळी कौशल्ये लागतात का, काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या हातून होते का, त्याने कुणाच्या तरी आयुष्यात फरक पडतो का, ते कसे करायचे हे ठरवायची मोकळीक आहे का, आणि काम बरे झाले की वाईट हे कामातूनच कळते का. हे कागदावर कोरडे वाटते. प्रत्यक्षात ते कसे दिसते, यासाठी एकाच बँकेतल्या, एकाच पगारावरच्या दोन अधिकाऱ्यांची कल्पना करू. एक तालुक्याच्या शाखेत पीककर्ज बघतो. शेतकरी समोर बसतो, सातबारा आणि आठ-अ तो स्वतः वाचतो, विहिरीची नोंद खरी आहे का ते बांधावर जाऊन बघतो, रक्कम किती द्यावी याबद्दल त्याच्या मताला वजन असते, आणि पुढच्या हंगामात कर्ज फिटले की थकले हे त्याला त्याच माणसाकडून कळते. दुसरा शहरातल्या केंद्रीय कक्षात बसतो. त्याच्या पडद्यावर तोच सातबारा स्कॅन होऊन येतो. ठरलेल्या चौकटींवर खुणा करायच्या, फाइल पुढे ढकलायची, दिवसाचा आकडा पूर्ण करायचा. त्या कर्जाचे पुढे काय झाले, हे त्याला कधीच कळत नाही. हुद्दा एक, पदवी एक, ‘बँकेत आहे’ हे स्थळासाठीचे उत्तरही एकच. पण दोघांची कामे दोन टोकांची. दुसऱ्याला कंटाळा आला तर तो बँकिंगचा कंटाळा आहे असे मानून त्याने एमबीए करावे की कॅफे काढावा, हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्याची शाखेत बदली झाली तर काय होईल, हे आधी तपासायला हवे.

हे सगळे जुन्या अमेरिकी कारखान्यांपुरते खरे असेल, अशी शंका येणे साहजिक आहे. पण २००७ साली अडीचशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही या पाच गोष्टींचा समाधानाशी संबंध टिकून होता. त्यात आणखी एक भर पडली: सहकाऱ्यांचा आधार आणि माणसांशी येणारा संबंध. आपल्याकडे ‘ग्रुप चांगला होता म्हणून इतकी वर्षे टिकलो’ असे लोक म्हणतात, त्यात अभ्यासकांनाही तथ्य सापडले. पगाराचे काय? २०१०च्या अशाच एका एकत्रित पाहणीत पगाराची पातळी आणि कामातले समाधान यांचा संबंध दिसला, पण तो क्षीण होता. याचा अर्थ पैसा गौण आहे असा कुणी काढू नये. घरभाडे, मुलांची फी आणि गृहकर्जाचा हप्ता भागत नसेल तर बाकीची चर्चा निरर्थक आहे. मात्र ते भागत असताना, केवळ तीस टक्के हाइक मिळते म्हणून जसेच्या तसे काम दुसऱ्या कंपनीत करायला जाणाऱ्याने समाधानही तेवढेच वाढेल असे धरून चालू नये.

कामाची घडण वरून ठरते, तरी तिच्यात माणसाला थोडी जागा सापडते. एमी रझेस्नेव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ साली मांडलेल्या संशोधनात अमेरिकेतल्या एका रुग्णालयातले सफाई कर्मचारी होते. त्यातले काही आपले काम फरशी आणि कचरा एवढेच सांगत. काहींनी मात्र, कुणी न सांगता, कामाच्या कडा रुंदावल्या होत्या. दीर्घकाळ बेशुद्ध असलेल्या रुग्णांच्या विभागातली एक बाई भिंतीवरची चित्रे अधूनमधून इकडची तिकडे लावत असे. आसपासचे काही बदलले तर रुग्णाला बरे वाटेल, ही तिची आशा. हे तिच्या कामाच्या यादीत नव्हते, आणि पगारात त्याची नोंदही नव्हती. रझेस्नेव्स्की यांच्याच १९९७च्या अभ्यासात, कार्यालयीन सहायक या एकाच पदावरच्या काही लोकांनी त्या पदाकडे तीन वेगळ्या नजरांनी पाहिलेले आढळले. कुणाला ते पोटापाण्याचे साधन वाटे, कुणाला पुढची पायरी, तर कुणाला जिवाभावाचे काम. तिन्ही गटांची संख्या जवळपास सारखी होती. पदाचे नाव समाधान ठरवत नाही, याचा इतका साधा पुरावा दुसरा नसेल.

इथे एक कठोर आक्षेप येतो आणि तो मला अगदी योग्य वाटतो: ‘कामात अर्थ शोधा’ असे सांगणे मालकाच्या फार सोयीचे आहे. २००९ साली स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्प्सन यांनी प्राणिसंग्रहालयांत प्राणी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. ज्यांना प्राण्यांची देखभाल हे आपले जन्माचे काम वाटत होते, त्यांना कामात खोल अर्थ मिळत होता. आणि तेच लोक कमी पगार, गैरसोयी आणि वरिष्ठांची मनमानी सोसायलाही तयार होते. यासाठी आपल्याला अमेरिकेत जायचे कारण नाही. महाराष्ट्रातल्या आशा आणि अंगणवाडी सेविकांचे काम बघा. गरोदर बाईच्या घरी जाणे, बाळाचे वजन करणे, लसीकरणाला आईला राजी करणे: हॅकमन-ओल्डहॅमच्या कसोटीवर यापेक्षा अर्थपूर्ण काम क्वचितच असेल. पण त्यांना पगार नाही, ‘मानधन’ मिळते, आणि ते वाढावे म्हणून त्यांना वारंवार आझाद मैदान गाठावे लागते. कामातला अर्थ हा मोबदल्याचा पर्याय होऊ शकत नाही. ज्या ठिकाणी पगार थकतो, अपमान होतो, जीव धोक्यात येतो किंवा खोट्या कागदावर सही मागितली जाते, तिथे कामाची घडण तपासत बसू नये. तिथून निघण्याचीच तयारी करावी.

आवडीच्या सल्ल्याकडे येऊ. पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की आवड ही आत तयारच असते, फक्त सापडायची असते, असे मानणाऱ्यांचा रस विषय अवघड होताच लवकर आटतो. आवड वाढवावी लागते असे मानणारे अधिक टिकून राहतात. बारावीनंतर सीईटीच्या गुणांवर शाखा घेतलेल्या मुलांना पंचविशीत ‘ही माझी आवडच नव्हती’ असे वाटू लागते, तेव्हा हे आठवण्यासारखे आहे. कोणत्याही कामाची पहिली दोन-तीन वर्षे चुका, बोलणी आणि कंटाळवाण्या कामांची असतात. हातात कसब येण्याआधी मोकळीक मिळत नाही, आणि मोकळीक आल्याशिवाय गोडी लागणे कठीण. त्या टप्प्यावर सोडून गेलेल्याला पुढच्या ठिकाणी पुन्हा तोच टप्पा लागतो.

म्हणजे नोकरी बदलूच नये का? पुरावा उलट दिशेलाही आहे. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी आयुष्यातल्या मोठ्या निर्णयात अडकलेल्या लोकांना इंटरनेटवर नाणेफेक करायला लावली. वीस हजारांहून जास्त नाणेफेकी झाल्या. ‘नोकरी सोडू का’ हा त्यात फार विचारला गेलेला प्रश्न होता. ज्यांच्या नाण्याने ‘बदल कर’ म्हटले, त्यांनी बदल करण्याचे प्रमाण जास्त राहिले, आणि बदल करणाऱ्यांनी आपण अधिक सुखी असल्याचे सहा महिन्यांनी स्वतःच सांगितले. या लोकांनी आपणहून भाग घेतला होता आणि ते आधीच कुंपणावर बसलेले होते, हे लक्षात ठेवूनही निष्कर्ष बोलका आहे: ज्याचे मन दोन्हीकडे सारखे ओढ घेते, तो बहुधा गरजेपेक्षा जास्त काळ थांबलेला असतो. पण वेंडी बॉसवेल आणि सहकाऱ्यांचा २००५चा अभ्यास याच्या शेजारी ठेवायला हवा. व्यवस्थापकांच्या बाबतीत त्यांना दिसले की नवी नोकरी लागताच समाधान उसळते आणि मग काही काळात खाली येते. सहा महिन्यांचा आनंद खरा असतो. तो टिकेल की नाही, हे मात्र रोजच्या कामात काही बदलले का, यावर अवलंबून राहील असे मला वाटते.

मग नवे काम कसे तपासायचे? डोक्यात विचार करून ते कळत नाही. करून बघावे लागते. डॉ. श्रीराम लागू यांनी वैद्यकी सोडून नाटक धरले, ही गोष्ट मराठी घरांत धाडसाचा नमुना म्हणून सांगितली जाते, आणि त्यातला अर्धा भाग गाळला जातो. कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक असलेले लागू पूर्णवेळ रंगभूमीवर आले १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीत. तोपर्यंत ते जवळजवळ दोन दशके नाटक करत होते. भालबा केळकरांसोबत पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन उभी राहिली ती १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. प्रॅक्टिस करता करता तालमी, दिग्दर्शन, प्रयोग असे सगळे झाले होते. नाटक रोज करताना कसे असते, हे त्यांना निर्णयाआधी ठाऊक होते. पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ आले. डॉ. मोहन आगाशे यांनी वेगळे उत्तर काढले: मनोविकारशास्त्र शिकवणे आणि अभिनय ही दोन्ही कामे त्यांनी सांभाळली. यातले कोणते उत्तर बरोबर, हे प्रत्येकाच्या हप्त्यांवर, घरावर आणि स्वभावावर अवलंबून आहे. शिकवायची ओढ असलेल्या इंजिनिअरने आधी सहा महिने शनिवार-रविवार दहावीच्या मुलांना गणित शिकवून बघावे. वह्या तपासणे, तेच उदाहरण पाचव्यांदा समजावणे आणि पालकांचे फोन यांनंतरही जायला उत्सुक असेल, तर त्याच्याकडे पुरावा आहे.

‘एवढी वर्षे घातली, आता कसे सोडू’ हे ओझे बदलाच्या आड सर्वात जास्त येते. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत एमपीएससीची तयारी करणाऱ्यांना ते नीट कळेल. खुल्या गटासाठी राज्यसेवेची वयोमर्यादा ३८ असल्याने आशा संपत नाही, आणि प्रत्येक गेलेले वर्ष पुढचे वर्ष देण्याचे कारण बनते. गेलेली वर्षे दोन्ही पर्यायांत गेलेलीच आहेत. हिशेब पुढच्या वर्षांचा करायला हवा, आणि घरच्यांनीही तो तसाच करायला मदत करावी.

हे सगळे मूठभरांचे प्रश्न आहेत, असेही कुणी म्हणेल. २०२३-२४च्या श्रमबल सर्वेक्षणात देशातल्या काम करणाऱ्यांपैकी नियमित पगारदार होते जेमतेम २२ टक्के. निम्म्याहून जास्त लोक स्वयंरोजगारावर. आक्षेप खरा आहे. पण रिक्षावाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला किंवा डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला मोकळीक आणि मान नको असतो, असे त्यातून निघत नाही. त्यांच्यासाठी बदलाची किंमत जास्त आहे, एवढेच निघते. आणि ती किंमत कमी करणे हे सरकारचे आणि संघटनांचे काम आहे.

पगारदारांसाठीही किंमत असते, आणि ती आधी मोजता येते. पीएफ काढून घेण्याऐवजी नव्या खात्यात वळवावा: सलग पाच वर्षांच्या सेवेआधी काढला तर कर लागू शकतो, आणि पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सर्वसाधारणपणे पाच वर्षे भरावी लागतात. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे ही मुदत भरण्याआधी राजीनामा दिला तर बरीच रक्कम जाऊ शकते. कंपनीचा आरोग्य विमा सहसा नोकरीबरोबरच संपतो, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून ती पॉलिसी नोकरीत असतानाच घ्यावी. आयटीत नोटीस पिरियड अनेकदा तीन महिन्यांचा असतो, तेव्हा नव्या ठिकाणची रुजू होण्याची तारीख लेखी घ्यावी. सोडून गेल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत काम करू नये, असे कलम करारात असले तरी भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे ते सहसा टिकत नाही. ठरावीक काळ राहण्याचा बाँड मात्र हलक्यात घेऊ नये: तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली.