आईचा आठवडा, बाबाचा आठवडा: घटस्फोटानंतर मुलं कुठे राहतात?

लोकलच्या गर्दीत हेडफोन लावणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. माझे 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच आहे.

मी ऑनसाइटला होतो, स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला. टीममधला एक जण एक आठवडा दुपारी चारला लॅपटॉप मिटून पळायचा आणि पुढचा आठवडा आरामात सहापर्यंत बसायचा. मला वाटलं, असेल काहीतरी शिफ्टचं. मग त्याच्या कॅलेंडरवर एक शब्द दिसला, 'बार्नवेका'. म्हणजे मुलांचा आठवडा. त्याचा घटस्फोट झालेला. दोन्ही मुली एक आठवडा त्याच्याकडे, एक आठवडा आईकडे. शुक्रवारी शाळा सुटली की परस्पर दुसऱ्या घरी. या प्रकाराला तिकडे रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, बघा!

आणि इकडे पुण्यातला माझा मित्र. त्याची पाच वर्षांची लेक त्याला महिन्यातले दोन शनिवार भेटते, दोन-दोन तास, कोर्टाच्या आवारातल्या एका खोलीत. मागे एकदा चहा पिताना त्याने विचारलं, "जगात सगळीकडे असंच असतं का रे?"

नसतं. पण आकडे बघण्याआधी एक घोळ सोडवू. 'जॉइंट कस्टडी' म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. शाळा, ऑपरेशन, पासपोर्ट असले निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे, ही एक. आणि मूल रात्री झोपतं कुठे, ही दुसरी. इटलीने 2006 मध्ये कायदा करून संयुक्त ताबा हाच नियम केला. कागदावर आता बहुतेक घटस्फोटांत तो असतोच, पण मुलं राहतात मुख्यतः आईकडेच. त्यामुळे 'किती देशांत कायदा आहे' मोजलं तर चित्र झकास दिसतं, रात्री मोजल्या की उतरतं.

रात्री मोजल्या तर स्वीडन सगळ्यात पुढच्या देशांत. तिथे 1980 च्या दशकाच्या मध्यात, वेगळ्या झालेल्या आई-वडिलांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम एक असं आलटून पालटून राहायचं. 2012 च्या आसपास हा आकडा 35 टक्क्यांवर गेला. हे कशाने झालं? कोर्टाने आई-बापाच्या मनाविरुद्धही अशी व्यवस्था लावायची मुभा आली 1998 मध्ये. पण बाळंतपणानंतरची पगारी रजा बापालाही मिळायला लागली 1974 मध्ये! म्हणजे घटस्फोटाच्या कितीतरी आधी बापाला डायपर, ताप, शाळेचा डबा हे सगळं येत होतं.

बेल्जियममध्येही साधारण एक तृतीयांश मुलं अशी राहतात. तिथे 2006 पासून, एकाने जरी मागणी केली तरी कोर्टाने निम्म्या-निम्म्या वाटणीचा विचार आधी करायचा असतो. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं. विस्कॉन्सिनमध्ये 1989 ला 12 टक्के घटस्फोटांत मुलाचा वेळ वाटून दिला जायचा, 2010 पर्यंत 50 टक्के.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट मात्र नीट ऐका. 2006 मध्ये त्यांनी 'जबाबदारी समान' हे गृहीत धरणारा कायदा केला. लोकांनी त्याचा अर्थ 'वेळही समान' असा घेतला. घरात मारहाण झालेल्या बायकांवर नको त्या माणसाशी तडजोड करायचा दबाव येतोय, अशी टीका वाढत गेली आणि 2023 मध्ये संसदेने ते गृहीतक काढून टाकलं. मला हे पटतं. मारहाण असेल तिथे वाटणी कसली करता?

जपान दुसऱ्या टोकाला. तिथे बहुतेक घटस्फोट नगरपालिकेत फॉर्म भरून होतात आणि त्यात मुलाचा ताबा कोणाकडे, तर एकाचंच नाव लिहावं लागायचं. हा कायदा बदलला 2024 मध्ये.

आपल्याकडे? 1956 चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा सांगतो, पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे. विधी आयोगाने 2015 मध्ये संयुक्त ताब्याची शिफारस केली, तसा कायदा काही झाला नाही. पण कोर्टं आपल्या परीने वाट काढतात. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये एका मुलाचं वर्षच वाटून दिलं, सहा महिने बाबाकडे, सहा आईकडे. सुप्रीम कोर्टानेही 2020 मध्ये सांगितलं, भेट शक्य नसेल तर रोज व्हिडिओ कॉल तरी होऊ दे.

मुलांना हे मानवतं का? स्वीडनमधल्या जवळपास दीड लाख शाळकरी मुलांच्या पाहणीत डोकेदुखी, झोप न लागणं अशा तक्रारी एकाच पालकाकडे राहणाऱ्यांपेक्षा दोन घरांत राहणाऱ्यांमध्ये कमी दिसल्या. दोघांसोबत एकाच घरात राहणाऱ्यांमध्ये सगळ्यात कमी. पण थांबा, लगेच निष्कर्ष नको. ज्यांचं आपसात बरं जमतं आणि दोन घरं परवडतात, तेच जास्त करून ही वाट धरतात. श्रेय व्यवस्थेचं किती आणि त्या माणसांचं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे.

हे सगळं मित्राला सांगितलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "तिच्या आईने कोर्टात विचारलं होतं, लेकीच्या डॉक्टरांचं नाव सांगा. मला सांगता आलं नव्हतं."

आता तो शनिवारची रात्र मुक्कामी मिळावी म्हणून अर्ज करतोय. घरही बदलतोय, लेकीच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. आणि डॉक्टरांचा नंबर त्याने फोनमध्ये सेव्ह केलाय.