उदगीरचा विजय आणि परतीची वाट

मित्राच्या मदतीस धाडलेली फौज परमुलखात अडकली म्हणजे दरबारात दोनच मते ऐकू येतात. एक म्हणते, आणखी फौज धाडा. दुसरे म्हणते, आहे ती माघारी बोलवा. हा प्रश्न दूरदेशीच्या राजधान्यांचा आहे, असे नांदेड-लातूरच्या वाचकाने समजू नये. त्याचा सर्वांत कटू धडा आपल्याच भूमीवरून सुरू झाला आहे.

फेब्रुवारी 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरच्या परिसरात निजामाला कोंडीत धरून नमविले व साठ लक्षांचा मुलूख मिळविला. त्याच सुमारास दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची वार्ता दक्षिणेत आली. मार्चमध्ये परतूरला खल झाला आणि उदगीरची विजयी फौज, इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यासह, उत्तरेकडे निघाली. दिल्लीच्या बादशहाचे परचक्रापासून रक्षण करण्याचे वचन मराठ्यांनी 1752 च्या करारात दिले होते. आपले रक्त सांडलेले, दिलेला शब्द मोडायचा कसा, ही भावना क्षुद्र नव्हती, हे आम्ही मान्य करतो.

परंतु ज्यांच्यासाठी जायचे ते मित्र कोठे होते? करार झाला तो वजीर सफदरजंगाशी. पानिपतावर त्याचाच पुत्र शुजाउद्दौला अब्दालीच्या गोटात उभा होता. बायकापोरे व जड तोफा मागे ठेवा, असे सांगणारा सूरजमल जाट दिल्लीतूनच निघून गेला. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली तेव्हा परतीची वाट मोकळी होती. ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि ती वाट बंद झाली. 14 जानेवारी 1761 रोजी उपाशी फौज लढली ती दिल्लीकडे वाट काढण्यासाठी. इकडे ज्या निजामाला उदगीरला नमविले, त्याच्याशीच 1763 मध्ये गोदाकाठी राक्षसभुवनला पुन्हा झुंजावे लागले.

सव्वादोनशे वर्षांनी हाच पेच स्वतंत्र भारतापुढे श्रीलंकेत उभा राहिला. 29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी व अध्यक्ष जयवर्धने यांच्यात करार झाला आणि आपली शांतिसेना त्या बेटावर उतरली. तमिळांना अभय देण्यास गेलेल्या त्या सेनेला ऑक्टोबरात तमिळ वाघांशीच लढावे लागले. मग पलटणींमागून पलटणी गेल्या. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी तेथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. सुमारे बाराशे जवान परतले नाहीत. आणि जून 1989 मध्ये नवे अध्यक्ष प्रेमदास यांनी या फौजेस चालते होण्यास सांगितले. त्यांच्याच सरकारने वाघांना शस्त्रे पुरविल्याचेही पुढे उघड झाले. 24 मार्च 1990 रोजी अखेरची तुकडी मायदेशी निघाली.

माघारीलाही किंमत पडते, हे खरे. आपल्या आधारावर उभ्या असलेल्या ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री वरदराज पेरुमाळ यांना भारतात आश्रय घ्यावा लागला, आणि तेथील युद्ध 2009 पर्यंत धुमसत राहिले. परंतु यजमानच निघा म्हणत असताना आणखी जवान कोणासाठी खर्ची घालावयाचे होते? घरधन्यास नको असलेला पहारेकरी दाराशी उभा राहून घर राखू शकत नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. ज्याच्यासाठी लढावयाचे त्याला आपण हवे आहोत, काय साधावयाचे ते एका वाक्यात सांगता येते, आणि परतीची वाट मोकळी आहे, या तिन्ही गोष्टी असतील तरच कुमक धाडावी. त्यांतील एक जरी नसली, तरी आपल्या मर्जीने निघता येते तोवर निघावे. पडलेल्यांचे रक्त वाया जाऊ नये म्हणून आणखी रक्त ओतणे, हा त्यांचा सन्मान नव्हे. आणि हे प्रश्न संसदेने फौज निघते त्या दिवशी विचारावयाचे असतात. शवपेट्या येऊ लागल्यावर नव्हे.

शाळेत इतिहास शिकविताना आम्ही उदगीरचा विजय व पानिपतचा पराभव दोन निराळ्या धड्यांत शिकविले. ती आमची चूक होती. दोहोंत अंतर अवघे अकरा महिन्यांचे आहे, आणि धडा एकच आहे.