सरकारचा पैसा, शाळेतलं वर्कशॉप आणि तुमचा धंदा: कॅलिफोर्नियात हे गणित कसं चालतं

आपले व्हिडिओ बे एरियातूनही बरेच जण बघतात, आणि तिकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, केटरिंगचं किचन टाकायचंय, गॅरेज काढायचंय, पण कामाचं शिक्षण घेतलेली पोरं कुठून आणायची?" आता गंमत बघा. फ्रीमाँट, सनीवेलला राहणारे हे लोक ज्या राज्यात टॅक्स भरतात, ते राज्य नेमकी अशी पोरं तयार करायला दरवर्षी कोट्यवधी डॉलर खर्च करतं. आणि तो पैसा कुठे जातो हे धंदा करणाऱ्यालाच ठाऊक नसतं. म्हणून आज जरा सविस्तर.

आधी दोन शब्द समजून घेऊ. हायस्कूल म्हणजे तिकडे नववी ते बारावी. कम्युनिटी कॉलेज म्हणजे साधारण दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत, आणि राज्यातल्या रहिवाशाला फी आहे युनिटमागे ४६ डॉलर. ते आपल्या आयटीआयसारखं आहे असं म्हटलं तर अर्धंच खरं. तिथे वेल्डिंग, नर्सिंग, ऑटो रिपेअर शिकता येतं, पण तिथूनच पुढे विद्यापीठात तिसऱ्या वर्षालाही जाता येतं. म्हणजे हाताचं काम शिकलं की पुढचे दरवाजे बंद, असं नाही.

हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे जे कामाधंद्याचं शिक्षण मिळतं त्याला म्हणतात करिअर टेक्निकल एज्युकेशन, थोडक्यात सीटीई. शाळांसाठी राज्याने १५ उद्योगक्षेत्रं ठरवली आहेत: शेती, बांधकाम, हॉटेल, आरोग्य, वाहन वगैरे. मार्केटिंगच्या क्षेत्रात तर उद्योजकता आणि स्वयंरोजगार अशी वेगळी शाखाच आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला शाळेत शिकवतात, तुझा स्वतःचा धंदा कसा काढशील!

पण दुखणं कुठे होतं? शाळेत दोन वर्षं वेल्डिंग केलेला मुलगा कॉलेजात गेला की त्याला पुन्हा पहिल्या धड्यापासून बसवायचे. वेळ गेला, पैसे गेले, आणि पोरगं कंटाळून मधेच सोडून गेलं. यावर तोडगा म्हणजे शाळा आणि कॉलेजने आपसात करार करायचा. २०१५ मध्ये एबी २८८ हा कायदा झाला. या कराराखाली हायस्कूलचा विद्यार्थी शाळेत असतानाच कॉलेजचे कोर्स करतो, एका सत्रात जास्तीत जास्त १५ युनिटपर्यंत, आणि कॉलेजची फी माफ. बारावी संपेपर्यंत कॉलेजचं बरंच अंतर कापून झालेलं असतं.

आता मुख्य मुद्दा, पैसा. इथे नीट लक्ष द्या, कारण धंद्याच्या माणसाला यातच शिकण्यासारखं आहे.

पूर्वी राज्यात आरओपी नावाची प्रादेशिक व्यवसाय शिक्षण केंद्रं होती आणि त्यांचा पैसा त्यांच्याच नावाने यायचा. मंदी आली. २००९ मध्ये राज्याने शाळांना सांगितलं, हा पैसा शिक्षणातल्या कुठल्याही कामाला वापरा. मग काय होणार? घरात तंगी असली की आधी कशाला कात्री लागते तुम्हाला माहीत आहे. अनेक ठिकाणी वर्कशॉप आटली. २०१३ मध्ये शाळांच्या निधीची पद्धतच बदलली आणि आरओपीचा वेगळा पैसा त्यात विरघळला. जुना खर्च चालू ठेवायची अट होती, पण फक्त दोन वर्षं.

ती मुदत संपली २०१५ मध्ये, आणि त्याच वर्षी राज्याने नवं अनुदान आणलं: तीन वर्षांत ९० कोटी डॉलर. पहिल्या वर्षी ४० कोटी, मग ३०, मग २०. सरकारचा हात दरवर्षी आखडता, आणि शाळेचा वाटा मात्र चढता. पहिल्या वर्षी सरकारच्या एका डॉलरमागे शाळेचा एक डॉलर, दुसऱ्या वर्षी दीड, तिसऱ्या वर्षी दोन. म्हणजे तिसऱ्या वर्षी ५० हजार डॉलर हवे असतील तर शाळेने स्वतःचे एक लाख दाखवायचे. मला ही अट आवडते. ज्याच्या खिशातून पैसे जातात तोच यंत्राला तेल घालतो. पण याची दुसरी बाजूही आहे. गावाकडच्या छोट्या शाळेने लाखभर डॉलर आणायचे कुठून? लहान शाळांसाठी निधीतला काही हिस्सा राखून ठेवलेला आहे, पण स्वतःचा वाटा त्यांनाही चुकत नाही. ज्या शाळेला गरज जास्त, तिलाच अर्ज करणं जड जातं.

२०१८ मध्ये मोठी रस्सीखेच झाली. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांचं म्हणणं होतं, शाळांचा सीटीईचा पैसा कम्युनिटी कॉलेजांच्या व्यवस्थेतून जाऊ दे, म्हणजे दोघांची सांगड बसेल. शाळावाले म्हणाले, आमचा पैसा आमच्या शिक्षण खात्याकडूनच यायला हवा. शेवटी वाटणी झाली: दोन्ही वाटांना वर्षाला १५-१५ कोटी डॉलर. एकाच शाळेने दोन ठिकाणी अर्ज करायचे, दोन हिशेब ठेवायचे. (सरकारी कागदपत्रं तिकडेही काही कमी नाहीत बरं का!) शिक्षण खात्याकडची रक्कम पुढे २०२१ मध्ये ३० कोटी झाली.

कॉलेजांसाठी मात्र २०१६ पासून स्ट्राँग वर्कफोर्स नावाचा कायमचा निधी आहे. सुरुवात वर्षाला २० कोटींनी झाली. त्यातले ६० टक्के थेट कॉलेजांना आणि ४० टक्के त्या भागातल्या कॉलेजांच्या गटाला. यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट सांगतो. निधीचा सुमारे १७ टक्के भाग निकालावर ठरतो. परीक्षेचा निकाल नाही हं, शिकून बाहेर पडलेल्यांना काम मिळालं का, कमाई वाढली का, हा निकाल. बाकीचा भाग ठरतो त्या भागातली बेरोजगारी, विद्यार्थ्यांची संख्या आणि पुढे निघणाऱ्या नोकऱ्या यांवर. तुमच्या भागात कोणत्या कामाला माणूस लागणार आहे, हे त्या हिशेबात धरलेलं असतं.

आता तुम्ही यात कुठे बसता? कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सीटीई चालवणाऱ्या प्रत्येक शाळा जिल्ह्याला एक सल्लागार समिती नेमावी लागते आणि तिच्यात धंदा-उद्योगातले प्रतिनिधी असावेच लागतात. ते मोठ्या कंपनीचेच हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. चार माणसांचं गॅरेज चालवणारा किंवा टिफिन सर्व्हिसवाली ताईसुद्धा तिथे बसू शकते. समितीत बसून तुम्ही सांगता, "मला असा मुलगा हवा ज्याला हायब्रिड गाडीची बॅटरी हाताळता येते," किंवा "स्वयंपाक येतो हो सगळ्यांना, पण किचनच्या स्वच्छतेचे नियम कोणाला येत नाहीत." शाळेलाही हे ऐकायचं असतं, कारण उद्योगांशी नातं आहे हे तिला अर्जात दाखवावं लागतं. पोरं तुमच्याकडे कामाचा अनुभव घ्यायला येतात, तुम्ही त्यांना वर्षभर पारखता आणि मगच नोकरीवर घेता. जाहिरातीचा खर्चही वाचतो.

एक सावधगिरी. काही लोक असं अनुदान बघून लगेच ट्रेनिंग देण्याचाच धंदा काढायचं ठरवतात. राज्याचे सगळे निधी कायमचे नसतात. २०२२ मध्ये गोल्डन स्टेट पाथवेज नावाने ५० कोटी डॉलर मंजूर झाले, पण ते एकदाच मिळणारे. अशा पैशातून यंत्र घेतलेलं चालतं. पगार आणि जागेचं भाडं त्यावर टाकलं की निधी संपल्यावर ते दर महिन्याला तुमच्याच खिशातून जाणार. तेव्हा करारात सही करण्याआधी विचारा, हा पैसा दरवर्षीचा की एकदाचा?

फ्रीमाँटकरांनी आपल्या शाळा जिल्ह्याकडे, मिशन व्हॅली आरओपीकडे किंवा ओलोनी कॉलेजकडे चौकशी करावी. क्युपर्टिनोच्या बाजूला असाल तर डी अँझा कॉलेज. "सीटीई सल्लागार समितीची पुढची बैठक कधी आहे, आणि माझ्या क्षेत्राचं कोणी तिच्यात आहे का?" एवढंच विचारायचं. जाताना तुमच्याकडच्या रोजच्या कामाची यादी एका कागदावर लिहून न्या. त्यातली कोणती कामं नवा माणूस पहिल्या महिन्यात चुकतो, त्यांच्यावर खूण करा.