वसुलीचे काम मुदतीपूर्वीचे

पीककर्जाची वसुली म्हटली की जप्ती व लिलाव डोळ्यांपुढे उभे राहतात. वस्तुतः वसुलीचे खरे काम परतफेडीची तारीख उजाडण्यापूर्वीच व्हावयास हवे.

गावची सेवा सहकारी संस्था बहुधा जिल्हा मध्यवर्ती बँकेकडून पैसा घेऊन सभासदांस कर्ज देते. सभासदांची बाकी थकली की संस्थेचीही थकते, आणि नियमित फेड करणाऱ्या शेजाऱ्यासही पुढील हंगामात कर्ज मिळण्यास अडचण पडते.

थकबाकीदाराचे नुकसान तर उघडच आहे. २०२५-२६ साली केंद्राच्या योजनेत तीन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जास ७ टक्के व्याज होते. वेळेवर फेडणाऱ्यास त्यात ३ टक्के सूट होती. एक लाखाच्या वर्षभराच्या कर्जावर ही सूट ३,००० रुपये होते. मुदत चुकली की ती गेली. पुढे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ अन्वये वसुली दाखला निघाल्यास बाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते.

म्हणून वसुलीस जाणाऱ्याने प्रथम हे पाहावे, की शेतकरी देऊ शकत नाही की देऊ इच्छीत नाही. माल विकून पैसे हाती असलेल्यास तगादा योग्यच; पण पीक बुडालेल्यास तगादा लावून काय साधणार? शासनाने आपत्ती जाहीर केल्यास कर्जाचे पुनर्गठन, म्हणजे हप्ते पाडून मुदत वाढविणे, शक्य असते. अशा शेतकरी बंधूंनी मुदतीपूर्वीच सचिवास भेटून लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच जपून ठेवावी. सावकाराचा पैसा काढून बँक भागविणे म्हणजे एक खड्डा बुजविण्यासाठी दुसरा खणणे होय.