चूक सांगणाऱ्यास अभय हवे

रुग्णालयात काही विपरीत घडले म्हणजे पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘हे कोणी केले?’ असा. ‘हे कसे घडले?’ हा प्रश्न मागाहून येतो. पुष्कळदा तर येतच नाही. आमच्या मते आपल्या आरोग्यव्यवस्थेचे एक जुनाट दुखणे प्रश्नांच्या या क्रमातच दडलेले आहे.

सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या एकाच कप्प्यात ठेवलेल्या असतात, एकाच नावाचे दोन रुग्ण शेजारच्या खाटांवर असतात आणि रात्रपाळीला सबंध वॉर्ड एका परिचारिकेच्या माथी असतो. अशा वेळी चुकीचे औषध हाती आले आणि सुदैवाने ते ऐनवेळी ध्यानात आले, तर ती सुटकेचा निःश्वास टाकते आणि गप्प बसते. तिने नोंद केली तर हाती मेमो पडावयाचा. ती कंत्राटी असेल तर नोकरीवरच गदा यावयाची. कुप्या मात्र त्याच कप्प्यात राहतात आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हाताची वाट पाहतात.

अमेरिकेच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ने १९९९ साली तेथील रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांमुळे दरसाल ४४ हजार ते ९८ हजार रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज प्रसिद्ध केला. आकड्यांविषयी वाद झाले. परंतु दोष बहुधा व्यक्तीपेक्षा व्यवस्थेचा असतो, हा त्या अहवालाचा निष्कर्ष आज सर्वमान्य आहे. विमानवाहतुकीने हा धडा आधीच गिरविला होता. तेथे १९७६ पासून वैमानिकांनी कळविलेल्या चुका स्वीकारण्याचे काम शिक्षेचा अधिकार असलेल्या खात्याकडे न ठेवता ‘नासा’कडे सोपविले आहे आणि कळविणाऱ्याचे नाव नोंदीतून काढून टाकले जाते.

याच्या उलट उदाहरणही अमेरिकेतलेच आहे. टेनेसी राज्यात २०१७ साली एका परिचारिकेने भलतेच औषध दिल्याने रुग्ण दगावला. तिने चूक तत्काळ कबूल केली. तरीही २०२२ साली न्यायालयात ती गुन्हेगार ठरली. यापुढे चूक सांगावयास कोण धजेल, अशी चिंता तेथील परिचारिकांच्या संघटनेने बोलून दाखविली. ती अनाठायी होती, असे कोण म्हणेल?

आपल्याकडेही मार्ग अगदीच अपरिचित नाही. औषधांचे दुष्परिणाम कळविण्याची राष्ट्रीय योजना २०१० पासून चालू आहे व तीत कळविणाऱ्याचे नाव गुप्त राहते. हेच अभय रुग्णालयातील इतर चुकांच्या नोंदींना का मिळू नये?

अशाने अपराधी मोकाट सुटतील, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही. नशेत शस्त्रक्रिया करणारा, वा कागदपत्रांत जाणूनबुजून फेरफार करणारा दयेस पात्र नाही. रुग्णाच्या आप्तांनाही घडले ते खरेखरे कळलेच पाहिजे. परंतु जेथे प्रत्येक कबुलीला दंड आहे, तेथे त्यांच्याही वाट्याला केवळ लपवाछपवीच येते.

म्हणून प्रत्येक रुग्णालयात नोंद घेणारा अधिकारी शिक्षा करणाऱ्याहून वेगळा असावा आणि नोंदीवरून काय सुधारणा झाली, हे कळविणाऱ्यास ठराविक मुदतीत सांगितले जावे. कप्प्यातल्या त्या कुप्या वेगळ्या झालेल्या दिसल्या, तरच पुढची परिचारिका बोलावयास धजेल.