मुळांनाही ऊन लागते

मे महिन्यातली दुपार. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मोताळ्याकडे निघालेल्या माणसाला घाटाखालची हवा गाडीच्या खिडकीतूनच कळते. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. वऱ्हाडातले थंड हवेचे ठिकाण अशी त्याची जुनी ओळख. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव ही पूर्णेच्या खोऱ्यातली गावे त्याहून साडेतीनशे-चारशे मीटर खाली. तिथे पारा ४३-४४ अंशांवर गेला तरी कुणाला नवल वाटत नाही.

अशा गावात एखाद्या गच्चीवर हिरव्या जाळीखाली मातीविना शेतीचा, म्हणजे हायड्रोपोनिक्सचा, छोटासा मांडव असतो. पांढऱ्या पाइपांमध्ये पालक, कोथिंबीर, लेट्यूस. खाली १०० लिटरचा ड्रम. त्यातले खतपाणी पंपाने दिवसभर मुळांवरून फिरत राहते. आणि चोवीस तास पाण्यात पाय बुडवून बसलेले हे झाड भरदुपारी मान टाकते.

पाहणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले किंवा खत कमी पडले. तो दोन्ही वाढवतो. चार-आठ दिवसांत पांढरीशुभ्र मुळे तपकिरी आणि बुळबुळीत होतात, पाण्याला कुबट वास येतो आणि सगळे पीक एकदम बसते. खरे दुखणे ड्रममध्ये हात घातला की कळते. पाणी कोमट झालेले असते.

मुळांचा श्वास

मुळे श्वास घेतात आणि त्यासाठी पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांना हा आकडा ७.६ वर येतो आणि ३५ अंशांना ७ च्या आसपास. दुसरीकडे, पाणी तापले की मुळांची प्राणवायूची भूक वाढते. दर १० अंशांमागे ती ढोबळमानाने दुप्पट होते. ताप आलेल्या रुग्णाचे असेच होते. अंगातला ताप एका अंशाने वाढला की शरीराची प्राणवायूची गरज साधारण दहा टक्क्यांनी वाढते. मुळांची अडचण अशी की गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो.

गुदमरलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून भर पाण्यात झाड सुकते. मग अशक्त शरीरात जंतुसंसर्ग शिरावा तसा पिथियम हा बुरशीसारखा जीव मुळांत शिरतो. त्याचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहत एका मुळावरून दुसऱ्यावर जातात. त्याची एक जात तर तिशीच्या पुढच्या तापमानातच जोमाने वाढते. सगळ्या झाडांचे पाणी एकच असल्याने एका झाडाचा रोग सगळ्यांचा होतो. पालेभाज्यांसाठी खतपाणी १८ ते २४ अंशांत असणे उत्तम. २६ पर्यंत चालवून घेता येते. ३० च्या पुढे धोका सुरू होतो.

बर्फाचा हिशेब

पहिला घरगुती उपाय म्हणजे फ्रीजरमध्ये गोठवलेल्या बाटल्या ड्रममध्ये टाकणे. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. दोन लिटरच्या एका बाटलीने १०० लिटर पाणी जेमतेम २ अंशांनी उतरते, आणि गच्चीवरचे ऊन तासा-दोन तासांत ते परत चढवते. दुसरा उपाय म्हणजे लहान फ्रीजच्या पोटात नळीचे वेटोळे ठेवून त्यातून पाणी फिरवणे. यातही बहुतेकांची निराशा होते. घरचा फ्रीज आधीच थंड असलेल्या वस्तू थंड राखण्यासाठी असतो. ड्रमभर पाण्यातली उष्णता सतत उपसणे त्याच्या ताकदीबाहेरचे आहे. कॉम्प्रेसर अखंड चालतो, बिल वाढते आणि पाणी कोमटच राहते.

थंडावा तयार करण्याआधी उष्णता आत येऊ न देणे हे अधिक स्वस्त. ड्रम सावलीत ठेवावा, बाहेरून पांढरा रंगवावा, भोवती थर्माकोल लावावा, झाकण घट्ट असावे. अंगण असेल तर टाकी जमिनीत पुरावी. वऱ्हाडात धान्यासाठी पेवे खणत, कारण खोल जमिनीत दिवस-रात्रीच्या तापमानाचा फरक पोचत नाही. पांढरे पाइपही उन्हात तापतात, म्हणून सावलीची जाळी त्यांच्यावरही हवी. एवढ्यानेच पाण्याचे तापमान बरेच उतरते.

ओल्या फडक्याचे माप

यानंतर उरते काम बाष्पीभवनाचे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढली जाते, म्हणजे एक किलो बर्फाच्या सातपटीहून जास्त. माठ यावरच चालतो. प्रवासात बैलगाडीला टांगलेली छागल यावरच पाणी गार ठेवायची. कृत्रिम थंडाव्याच्या इतिहासात डॉक्टरांचा वाटाही याच वाटेने आला. अठराव्या शतकाच्या मध्याला विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्यकाने ईथरचे बाष्पीभवन करून थंडावा मिळवून दाखवला. अमेरिकेतल्या फ्लोरिडात जॉन गोरी हा डॉक्टर तापाच्या रुग्णांच्या खोल्या थंड करण्यासाठी धडपडत होता. त्यातून त्याने हवा दाबून आणि मग फुगू देऊन बर्फ बनवणारे यंत्र तयार केले आणि १८५१ मध्ये त्याचे पेटंट घेतले.

बाष्पीभवनाने पाणी किती थंड होईल याला मात्र मर्यादा आहे, आणि ती घरीच मोजता येते. दोन साधे थर्मामीटर घ्यावेत. एकाच्या टोकाला ओले सुती फडके गुंडाळून दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात धरावेत. फडके गुंडाळलेल्याचा पारा जिथे थांबतो, त्याखाली बाष्पीभवनाने पाणी जाणार नाही. ताप मोजायचा थर्मामीटर इथे कामाचा नाही. तो साधारण ३५ ते ४२ अंशांपुरताच असतो.

मे महिन्यात हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्याचे तापमान २३ अंशांच्या आसपास भरते. ज्या कोरड्या उन्हाने घाटाखालचा माणूस हैराण होतो, तेच ऊन पाणी थंड करण्याच्या कामी येते.

बांधणी

सर्वांत सोपा चिलर म्हणजे झाकणबंद ड्रमला गुंडाळलेले गोणपाट. वरून ठिबकची नळी फिरवून गोणपाट साध्या पाण्याने ओले ठेवायचे आणि वाऱ्याच्या वाटेवर, पण सावलीत, ड्रम ठेवायचा. मात्र त्या ड्रमला थर्माकोल लावू नये, नाहीतर बाहेरचा थंडावा आत पोचणार नाही. १०० लिटर पाणी ३६ वरून २६ अंशांवर आणायला तत्त्वतः पावणेदोन लिटर पाण्याची वाफ पुरते. प्रत्यक्षात बाहेरून उष्णता येतच राहते आणि बरेच पाणी निथळून वाया जाते, म्हणून दिवसाचा खर्च याच्या काही पट धरावा.

त्यापुढची पायरी म्हणजे घरातला जुना कूलर. तो गच्चीवर सावलीत ठेवायचा. त्याच्या टाकीतले पाणी खसावरून किंवा पॅडवरून फिरून ओल्या फडक्याच्या तापमानाहून दोन-तीन अंश वर स्थिरावते. या टाकीत १५-२० मीटर लांब बारीक नळीचे वेटोळे बुडवायचे आणि लहान पंपाने खतपाणी त्यातून फिरवून ड्रमात परत आणायचे. स्टेनलेस स्टीलची नळी मिळाली तर लांबी कमी पुरते. प्लास्टिक उष्णता हळू सोडते, म्हणून ती लांब लागते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळू द्यायचे नाही, हे या बांधणीतले मुख्य सूत्र.

कारण खतपाण्याचेच बाष्पीभवन केले, तर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात हे समजावून सांगावे लागत नाही. तिथल्या माठाच्या अंगावर पांढरे मीठ फुटलेले घरोघरी दिसते. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव भागात विहिरीचे पाणी मुळातच खारे. ते आणखी आटले तर मुळे करपतात. खतपाणी माठात किंवा रांजणातही ठेवू नये. मातीची छिद्रे क्षारांनी बुजतात आणि थंडावाही थांबतो. कूलरचे पाणीही खारे होत जाते, म्हणून ते आठवड्याला पूर्ण बदलावे.

तांब्याची नळी आणि जुना फ्रीज

एसीच्या भंगारातून तांब्याची नळी सहज मिळते आणि तांबे उष्णता झटपट वाहून नेते, म्हणून तिचा मोह होतो. पण खतपाणी किंचित आम्लधर्मी असते, त्यात तांबे हळूहळू विरघळते. झाडाला तांबे लागते ते अगदी नखभर. जास्त झाले की मुळांची वाढ खुंटते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचेही तसेच.

जुना फ्रीज फोडून त्याचे थंड वेटोळे ड्रमात बुडवण्याचा प्रयोग तर करूच नये. आजच्या अनेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. नळी कापताना तो बाहेर येतो आणि जवळची एक ठिणगी पुरते.

विजेचा धक्का

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस दगावल्याच्या बातम्या येतात. गच्चीवरच्या चिलरमध्ये कूलर आहे, पंप आहे, ओली जमीन आहे, अनवाणी माणूस आहे, आणि भरीला खतांच्या क्षारांमुळे साध्या पाण्याहून जास्त वीज वाहणारे पाणी आहे. शरीरातून ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह गेला, तर हृदयाची लय बिघडून माणूस कोसळू शकतो. जुन्या १०० वॅटच्या बल्बमधून याच्या चौपटीहून जास्त प्रवाह जातो. घरातला नेहमीचा फ्यूज किंवा एमसीबी माणसाला वाचवण्यासाठी नसतो, तो वायरिंगला आग लागू नये म्हणून असतो. माणसासाठी आरसीसीबी लागते. ३० मिलिअँपिअर वीज गळताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. ती जाणकार वायरमनकडून बसवून घ्यावी, अर्थिंग तपासून घ्यावे, पंप शक्यतो १२ व्होल्टचा वापरावा. आणि पाण्यात हात घालण्याआधी नुसते बटण बंद न करता प्लगच काढावा.

कुणाला धक्का बसलाच तर आधी मेन स्विच बंद करावा. तोवर त्या माणसाला हात लावू नये. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावा. प्रौढ माणसाची छाती दर वेळी पाच-सहा सेंटिमीटर दबली पाहिजे. मदत येईपर्यंत थांबू नये.

आणखी दोन पथ्ये आहेत. डेंगीचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि त्याची अंडी कोरड्या टाकीच्या भिंतीवरही महिनोन्‌महिने तग धरतात. म्हणून कूलरचे पाणी बदलताना टाकी घासून कोरडी करावी, ड्रमचे झाकण बंद असावे. दुसरे पथ्य नायट्रेटचे. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, खतपाण्यात ते शेकडो मिलिग्रॅम असते. तान्ह्या बाळाला असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडते. खतपाणी पाण्याच्या बाटलीत भरून घरच्या फ्रीजमध्ये ठेवू नये. वापरून झालेले पाणी विहिरी-बोअरजवळ न ओतता शेतातल्या झाडांना घालावे.

मृगाच्या तोंडावर

हा सगळा थाट जूनमध्ये अचानक कुचकामी ठरतो. हवा ३५ अंशांवर उतरलेली असते, पण आर्द्रता ६५ टक्के झालेली असते. ओल्या फडक्याचा पारा २९ अंशांवर जातो आणि कूलर, गोणपाट काहीच पाणी थंड करू शकत नाही. त्या दिवसांत पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा पंप वाढवावा, झाडांची गर्दी कमी करावी, किंवा लेट्यूससारखे नाजूक पीक त्या आठवड्यांपुरते सोडून द्यावे.

माणसाच्या अंगालाही हेच गणित लागू आहे. घामाचा एक लिटर वाळला तर तीच ५८० किलोकॅलरी निघून जाते. घाम नुसताच निथळला तर काही जात नाही. ओल्या फडक्याचे ३५ अंश ही निरोगी शरीराचीही शेवटची मर्यादा मानली जात होती. अलीकडच्या प्रयोगांत धडधाकट तरुणांचे शरीरही दमट हवेत ३१ च्या आसपासच तापू लागल्याचे दिसले. म्हणून गच्चीवरचा तो दुसरा थर्मामीटर चढू लागला, की झाडांसोबत म्हाताऱ्यांची, लहान मुलांची आणि उन्हात राबणाऱ्यांचीही काळजी वाढवायला हवी. एखाद्याचे अंग तापले आणि तो असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आणावे, अंगावर पाणी शिंपडत पंख्याचा वारा द्यावा आणि १०८ बोलवावी. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.